उरलेले चित्रण

श्याम बेनेगल २३ डिसेंबर २०२४ रोजी गेले. त्यानंतर आमच्या वाचनात आलेले बहुतेक मृत्युलेख ‘अंकुर’पासून (१९७४) सुरू होत होते आणि त्याआधीची पंधरा वर्षे एका वाक्यात उरकत होते. जाहिरातसंस्थेत नोकरी, नऊशेहून अधिक जाहिरातपट व प्रायोजित माहितीपट, मग पहिला चित्रपट. आम्हांला नेमके त्या वाक्यापाशीच थांबावेसे वाटले, आणि याला कारण आमच्या नोकरीत आहे. आम्ही महाविद्यालयात मराठी शिकवतो. एम.ए.ला असताना ज्ञानेश्वर वाचले, मर्ढेकर वाचले. आता आठवड्याच्या निम्म्या तासिका ‘उपयोजित मराठी’च्या असतात. जाहिरातलेखन, माहितीपटाची संहिता, निवेदन हे त्यातले घटक. तीस सेकंदांत किती मराठी शब्द बसतात, हे फळ्यावर मोजून दाखवावे लागते. (साठ-पासष्ट. त्यापुढे निवेदकाला धाप लागते.) स्टाफरूममध्ये या अभ्यासपत्रिकेविषयी एक दबकी कुरकुर नेहमी चालू असते : हे काही साहित्य नव्हे. नसेल. पण जे लिहून माणसे पोट भरतात आणि ज्या पोटावर पुढे कधीतरी साहित्य उभे राहते, त्याची चिकित्सा मराठी विभागाने करायची नाही तर कोणी करायची?

नऊशे हा आकडा नुसता ऐकला तर प्रचंड वाटतो. मांडून पाहिला तर त्याचा अर्थ कळतो. पंधरा वर्षांत नऊशे म्हणजे वर्षाला साठ, आठवड्याला एकाहून अधिक. १९५९ च्या सुमारास बेनेगल मुंबईत लिंटासमध्ये कॉपीलेखक म्हणून लागले. पहिला माहितीपट गुजरातीत केला, ‘घेर बेठा गंगा’ (१९६२). त्या काळची ३५ मिलिमीटर फिल्म मिनिटाला नव्वद फूट धावत असे; हजार फुटांचे रीळ अकरा मिनिटांत संपे. तीस सेकंदांची जाहिरात म्हणजे पंचेचाळीस फूट. एवढ्या लांबीत घर दाखवायचे, घरातले माणूस दाखवायचे, त्याची अडचण, वस्तू, आणि शेवटी वस्तूचे नाव. कच्ची फिल्म महाग, म्हणून ‘पुन्हा एकदा’ म्हणण्यालाही किंमत. ‘अंकुर’ पाहताना वाडा, विहीर, पायरी, पाण्याची घागर यांतली कोणती वस्तू किती वेळ दिसावी, याचा जो ठाम हिशेब जाणवतो, तो या शाळेतला आहे असे आमचे मत आहे. माणसेही तिथलीच. छायाचित्रण करणारे गोविंद निहलानी बेनेगलांबरोबर जाहिरातपटांतून आलेले, आणि वनराज भाटियांनी तर जाहिरातींच्या जिंगल्स हजारोंनी केलेल्या.

पैसाही तिथलाच. ‘अंकुर’ची कथा बेनेगलांनी कित्येक वर्षे निर्मात्यांच्या दारोदार नेली. अखेर पैसे घातले ब्लेझ या कंपनीने. चित्रपटगृहांतून जाहिरातपट दाखवण्याची व्यवस्था करणे हा तिचा मुख्य धंदा. म्हणजे मध्यंतरात चिवडा खात प्रेक्षक ज्या जाहिराती पाहत होते, त्यांच्या कमाईतून तो चित्रपट झाला, ज्याच्या शेवटी एक लहान पोर जमीनदाराच्या खिडकीवर दगड भिरकावते. विद्यार्थ्यांना हे सांगितले की ते हसतात. आम्हांला मात्र त्यात विनोद दिसत नाही. ब्लेझला दगडाशी काही देणेघेणे नव्हते, म्हणूनच दगड मारता आला. ‘निशांत’ (१९७५) व ‘भूमिका’ (१९७७) यांनाही त्याच कंपनीचा पैसा होता. हंसा वाडकरांचे ‘सांगत्ये ऐका’ आमच्याकडे आत्मचरित्र म्हणून शिकवले जाते. त्यावरून ‘भूमिका’ निघाला हेही सांगितले जाते. त्याचे पैसे कोणी दिले, हे सांगितले जात नाही.

थोडे विषयांतर करतो. अरुण कोलटकर जाहिरातक्षेत्रात कलादिग्दर्शक होते, दिलीप चित्रे यांनीही त्या क्षेत्रात काम केले आणि पुढे माहितीपट व ‘गोदाम’सारखा चित्रपट केला. यांच्या कवितांवर शोधनिबंध भरपूर आहेत. दिवसभर ऑफिसात बसून त्यांनी जे केले त्याचे कवितेच्या ओळीवर, तिच्या काटकसरीवर काय झाले, याविषयी आमच्या संशोधकांना फारसे कुतूहल दिसत नाही. पीएच.डी.च्या विषयासाठी वणवण करणाऱ्यांनी इकडे पाहावे. असो.

‘मंथन’चा (१९७६) मामला निराळा. गुजरातेतील दूध उत्पादक संघांच्या पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये दिले, दहा लाख रुपये जमले आणि त्यांत चित्रपट झाला. तेंडुलकरांची पटकथा, कैफी आझमींचे संवाद. गावोगावचे शेतकरी ‘आपला’ चित्रपट पाहायला वाहने भरभरून गेले, ही गोष्ट आता दंतकथेसारखी सांगितली जाते, पण ती खरी आहे. इथे पैसा तटस्थ नव्हता. दुधाची चळवळ गावात पोचावी हा प्रायोजकाचा हेतू उघड होता. तरीही तो चित्रपट प्रचारपट वाटत नाही. तेंडुलकरांच्या पटकथेत सहकाराचे गोडवे आहेत तसे गावातल्या जातीचे टोकही आहे. दलित वस्ती सरपंचाविरुद्ध उभी राहते ते निव्वळ दुधाच्या भावासाठी नव्हे. शिवाय पैसे देणारा आणि पडद्यावर दिसणारा बऱ्याच अंशी एकच होता. स्वतःवरच्या सिनेमाचे तिकीट त्याने आधीच, दोन रुपयांचे, काढून ठेवले होते.

प्रत्येक वेळी असे झाले नाही. पश्चिम बंगाल शासनाच्या पैशाने केलेल्या ‘आरोहण’मध्ये (१९८२) ओम पुरींचे काम मोठे असले, तरी चित्रपट अधूनमधून वर्गात उभा राहून धडा म्हणतो. अगदी अखेरचा ‘मुजिब’ (२०२३) भारत व बांगलादेश या दोन देशांच्या शासनांनी मिळून काढलेला. त्यात तर प्रायोजकाचा हात चौकटीच्या कडेला सतत दिसत राहतो. ज्याने ‘मंडी’सारखा बेगुमान चित्रपट केला त्याच माणसाचे हे काम. पैसा कोणाचा, यापेक्षा तो पैसा पडद्यावरच्या माणसापासून किती अंतरावर उभा आहे, याने फरक पडतो असे आम्हांला या सगळ्या कारकिर्दीकडे पाहताना वाटू लागले. आणि हा विचार आमच्या डोक्यात पुस्तके वाचून आला नाही.

आमचा एक माजी विद्यार्थी गेली बारा-तेरा वर्षे जाहिरातपट व माहितीपट करून जगतो. कंपनी म्हणजे तो, एक संकलक आणि भाड्याचा कॅमेरा. कोटेशन, निम्मी आगाऊ रक्कम, चित्रीकरण, मग ‘साहेबांना शेवट थोडा बदलून हवाय’, मग पुन्हा बदल, आणि उरलेल्या निम्म्या रकमेसाठी चार महिने फोन. भाड्याच्या कॅमेऱ्याचे पैसे त्याला त्याच दिवशी द्यावे लागतात; त्याचे पैसे मात्र टीडीएस कापून, सावकाश येतात. दवाखाने, बांधकाम व्यावसायिक, शिक्षणसंस्था, पतपेढ्या असे सगळे त्याने केले आहे. यातून उरलेल्या दिवसांत तो स्वतःचे काम करतो. वर्षाला असे दिवस तीस निघाले तर तो त्या वर्षाला चांगले म्हणतो.

काही वर्षांपूर्वी त्याने एका सहकारी साखर कारखान्याच्या सुवर्णमहोत्सवाचा माहितीपट केला. निवेदन आम्ही लिहिले, मानधन घेऊन. बावीस मिनिटांच्या त्या माहितीपटात अध्यक्ष अकरा वेळा दिसतात आणि ऊसतोड तीस सेकंद. त्या तीस सेकंदांसाठी तो सहा दिवस पहाटे चारला फडात जात होता. हार्ड डिस्कवर चौदा तासांचे चित्रण आहे. धुक्यात पेटलेल्या चुली, कोप्यांपुढे झोपलेली मुले, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारी बाई. मराठवाड्यातून दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात, मुकादमाकडून घेतलेली उचल हंगामभर फेडतात. नवरा-बायकोच्या जोडीला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात. भाषेच्या शिक्षकाला या शब्दापाशी थबकावे लागते. दोन माणसांसाठी हत्याराचे नाव, तेही एकवचनी. आमच्या निवेदनात मात्र त्यांच्यासाठी ‘कारखान्याचा कणा’ असा शब्दप्रयोग होता. पासष्ट शब्दांत तो बसला.

कारखाना सहकारी आहे, म्हणजे ‘मंथन’सारखाच शेतकऱ्यांच्या पैशाचा. पण सभासद ऊस लावणारे. तोडणारे सभासद नाहीत. चित्रीकरणाच्या पाचव्या दिवशी त्या मोळीवाल्या बाईने त्याला विचारले, “ह्ये आमाला कुठं बघाया मिळंल?” कार्यक्रम कारखान्याच्या सभामंडपात होता. निमंत्रणे सभासदांना होती. त्याने तिला खरे ते सांगितले, की मिळणार नाही. तेव्हापासून ते चौदा तास त्याला स्वस्थ बसू देत नाहीत.

करारानुसार सगळे चित्रण कारखान्याचे. त्याने प्रत ठेवली आहे आणि ते वापरण्याची परवानगी मागणारी दोन पत्रे लिहिली आहेत, उत्तर नाही. करार मोडावा असे आम्ही त्याला सांगत नाही, कारण खटला आला तर त्याचे घर चालणार नाही आणि आमचे चालेल. म्हणून तो दुसऱ्या वाटेने गेला. गेले दोन पावसाळे, टोळ्या गावी परतलेल्या असताना, तो स्वखर्चाने बीड जिल्ह्यात जातो आहे. जुने चित्रण लॅपटॉपवर त्यांना दाखवतो आणि ते पाहणाऱ्यांचे नवे चित्रण करतो. नव्यावर कारखान्याचा हक्क नाही. पतपेढीची एक जाहिरात केली की एक फेरी निघते. तीस सेकंदांच्या बदल्यात चार दिवस, असा त्याचा सध्याचा भाव आहे. नऊशे जाहिरातपट करणाऱ्या माणसाच्या वहीत असले हिशेब किती असतील, याची कल्पना आम्हांला आता थोडी करता येते.

गेल्या महिन्यात त्याने नऊ मिनिटांचा कच्चा भाग आमच्याकडे पाठवला. सोबत निरोप होता : निवेदन नको, फक्त तळपट्टीत गावांची नावे द्यायची आहेत, शुद्धलेखन तपासून द्या. नावे सतरा होती. तीन गावांची सरकारी कागदावरची नावे आणि बायकांच्या तोंडची नावे जुळत नव्हती. आम्ही बायकांच्या तोंडची ठेवली.