निरोपाचा शब्द

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आमच्या वाड्यात 'धूप किनारे' या पाकिस्तानी मालिकेच्या कॅसेटी या घरातून त्या घरात फिरायच्या. कराचीतलं इस्पितळ, तिथले डॉक्टर, त्यांची लाडिक भांडणं. फीत इतकी झिजलेली की पडद्यावर सतत पाऊस पडतोय असं वाटे. मला त्यातला निरोपाचा शब्द फार आवडायचा: खुदा हाफिज. हलक्या हातानं दार लोटून घ्यावं तसा. आता मोबाइलवर पाकिस्तानी मालिका बघते, तर जो तो 'अल्ला हाफिज' म्हणत उठतो.

'खुदा' फारसी, 'अल्ला' अरबी. झिया उल हक यांच्या राजवटीत (१९७७ ते १९८८) हा पालट रुजायला लागला. त्याच सुमारास लाखो पाकिस्तानी मजूर आखातात राबत होते. ते रियाल घेऊन परतले, तसे तिथले उच्चारही घेऊन परतले. पुढे रमजानचा रमदान झाला. गंमत अशी, की 'अल्ला हाफिज' म्हणून निरोप घेण्याची पद्धत अरबांची नाहीच. रियाधमध्ये तसं कोणी म्हणत नाही. अरबांसारखं व्हायला गेले आणि घडला तो अस्सल पाकिस्तानी शब्द!

आणि फारसी तरी मूळची कुठे त्या मातीतली? राष्ट्रगीत घ्या. अहमद चागला यांनी चाल आधी बांधली, हफीज जालंधरींचे शब्द त्यावर नंतर बसले आणि १९५४ मध्ये ते स्वीकारलं गेलं. इराणी माणसाला ते जवळजवळ सगळं कळेल. त्यात निव्वळ उर्दू म्हणावा असा एकच शब्द सापडतो, षष्ठीचा 'का'. शेवटच्या ओळीत मात्र 'खुदा' आहे, आणि त्याला अजून कोणी हात लावलेला नाही.

यावर आपण फार हसू नये. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द योजले. तरी आज साडेतीनशे वर्षांनी आपण अर्जच करतो, कोर्टात तारीखच पडते, आणि नशीब असेल तर जामीनही मिळतो.

पण शब्द उसने घेणं वेगळं आणि पूर्वज उसने घेणं वेगळं. २०२० च्या रमजानमध्ये, पंतप्रधान इम्रान खान यांच्या आग्रहावरून, सरकारी पीटीव्हीनं एर्तुग्रुलची तुर्की मालिका उर्दूत दाखवली. तेराव्या शतकातला हा टोळीप्रमुख ऑटोमन साम्राज्याच्या संस्थापकाचा बाप. पंजाबशी त्याचा काडीचा संबंध नाही. पण देश वेडा झाला, आणि लाहोरच्या एका वसाहतीत लोकांनी त्याचा अश्वारूढ पुतळाही बसवला.

त्याच लाहोरच्या किल्ल्यात आदल्याच वर्षी महाराजा रणजितसिंहांचा पुतळा उभारला होता. जन्म गुजरानवाल्याचा, राजधानी लाहोर, मृत्यूही लाहोरातच. त्यांच्या पुतळ्यावर दोन-अडीच वर्षांत तीनदा हल्ला झाला. गावचा राजा परका ठरला आणि अनातोलियाचा घोडेस्वार घरचा. मालिका कोणीही कुठलीही बघावी. मीही परक्यांच्याच बघते. पण शेजारचं दिसू नये म्हणून मुद्दाम दूर बघणाऱ्याची मान कधीतरी अवघडणारच.

दूरच्या पाहुण्यांची नावं तर तिथे किती! राजधानी इस्लामाबादचा आराखडा डॉक्सियाडिस या ग्रीकाचा. तिथली फैसल मशीद तुर्की स्थपती वेदात दालोकाय यांची, पैसा सौदीचा, आकार वाळवंटातल्या तंबूचा. घुमट नाही म्हणून आधी लोकांनी नाकं मुरडली. आता देशाचं चित्र म्हणून तीच छापतात. इंग्रज लायलच्या नावाचं लायलपूर सौदीच्या राजे फैसलच्या नावानं फैसलाबाद झालं, म्हणजे एका परदेशी माणसाची पाटी उतरवून दुसऱ्याची चढवली. लाहोरचं क्रिकेट स्टेडियम १९७४ च्या इस्लामी शिखर परिषदेनंतर लिबियाच्या गद्दाफींच्या नावे केलं. गद्दाफी २०११ मध्ये मारले गेले, त्यांच्याच देशात नकोसे होऊन. स्टेडियमला नाव त्यांचंच उरलं.

या पाट्यांच्या नादात मला दरवेळी एक वेगळीच पाटी आठवते. १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यात होता. मुंबईहून तिथलं शिक्षणखातं लावून द्यायला नारायण जगन्नाथ वैद्य नावाचे एक मराठी गृहस्थ गेले होते. कराचीत १८५५ मध्ये सुरू झालेल्या सरकारी शाळेला पुढे त्यांचं नाव मिळालं. फाळणी झाली, बंदर रोडचा जिना रोड झाला. शाळेचं नाव बदलायचं मात्र कोणाला सुचलं नसावं. एनजेव्ही हायस्कूल म्हणतात तिला, आणि ती अजून भरते.