दीड तासाचा हिशेब

मुंबई-नागपूर हा माझ्या नेहमीच्या जाण्यायेण्याचा मार्ग. 'विमानानं दीड तास तर लागतो' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की या दीड तासाचा हिशेब एकदा मांडायलाच हवा. दोन विमानतळांमधलं सरळ हवाई अंतर सुमारे ६८० किलोमीटर. ताशी ८०० किलोमीटरच्या वेगानं ते पन्नासेक मिनिटांत कापलं जावं. मग वेळापत्रकात दीड तास कसा? कारण तो आकडा नुसत्या उडण्याचा नाहीच. विमान जागेवरून हललं की वेळ सुरू होतो आणि नागपूरला ते जागेवर उभं राहिलं की संपतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरात असते आणि विमानं रांगेत उभी राहतात. शिवाय वारा बहुतेकदा पश्चिमेकडचा, म्हणून उड्डाणही समुद्राकडे. जायचं पूर्वेला, पण खिडकीतून आधी दिसतो जुहूचा किनारा, मग नुसतं पाणी. मोठा वळसा घेतल्यावर कुठे विमान सह्याद्रीकडे तोंड करतं. परतताना हिवाळ्यात उंचावरचे पश्चिमी वारे समोरून येतात, तेव्हा आणखी काही मिनिटं जातात.

कंपन्या उशीर झाकायला वेळ फुगवून छापतात, असं यावर म्हटलं जातं. थोडं तथ्य आहे त्यात. पण गर्दीच्या विमानतळावर रोजच लागणारा वेळ छापणं मला प्रामाणिकपणाचंच वाटतं. माझी खरी तक्रार वेगळी आहे: त्या आकड्यावरून आपण शहरांमधलं अंतर मोजतो. चेक-इन साधारण तासभर आधी बंद होतं, म्हणून विमानतळ त्याआधी गाठायचा. अंधेरीकराला ते रिक्षानं जमेल; बदलापूर किंवा विरारच्या माणसाचे दोन-अडीच तास इथेच जातात. उतरल्यावर सामानाचा पट्टा, मग पुढची सोय. दारापासून दारापर्यंत सहा-साडेसहा तास सहज होतात, आणि त्यातलं उडणं जेमतेम एक तासाचं.

तरीही आगगाडीपेक्षा विमान लवकरच पोचवतं, हे कुणी म्हणेल आणि ते खरं आहे. लोहमार्गानं हे अंतर ८३७ किलोमीटर आहे, रात्र त्यात जाते. पण ती झोपेत जाते. कल्याणला विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसणाऱ्याचा दिवस मोडत नाही; विमानानं जाणाऱ्याचा अर्धा दिवस तुकड्यातुकड्यांत संपतो, आणि रिक्षा, रांग, पुन्हा रांग अशा त्या तुकड्यांत धड वाचनही होत नाही. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५मध्ये पूर्ण खुला झाला. आठ तासांचा प्रवास म्हणून त्याचं कौतुक होतं, पण ते आठ तास चाकामागे जागं राहून काढायचे असतात. म्हणून तिन्हींचे तास एकाच मापानं मोजता येत नाहीत, असं मला ठामपणे वाटतं. ज्याला त्याच दिवशी न्यायालयात किंवा रुग्णालयात पोचायचंय, त्याला विमानच हवं; त्याबद्दल वाद नाही. पण त्याचाही वेळ वाचवायचा तर आकाशात आता फारसं काही उरलेलं नाही. विमानं काही ताशी ८००ची १६०० होणार नाहीत. वाचण्यासारखे तास आहेत ते बदलापूर ते विमानतळ या टप्प्यात, आणि गडचिरोलीला जाणाऱ्यासाठी नागपूरच्या पुढच्या पावणेदोनशे किलोमीटरांत.