अप्पूघर : तक्रारी होत्या, तरी हवेहवेसे

दिल्लीत लहानाच्या मोठ्या झालेल्या चाळिशीतल्या कोणासमोरही अप्पूघराचे नाव काढा, चेहरा खुलतो. १९८२ च्या आशियाई खेळांचे शुभचिन्ह होता अप्पू हत्ती. त्याच्याच नावाने १९ नोव्हेंबर १९८४ रोजी प्रगती मैदानावर हे मनोरंजन उद्यान सुरू झाले. सकाळी इंडिया गेट, मग प्राणिसंग्रहालय आणि संध्याकाळी अप्पूघर, असा एका दिवसाचा बेत बसने फिरणाऱ्या कुटुंबालाही जमत असे.

काळ गेला, पाळणे जुने झाले. कोणाला रांगेवर सावली हवी होती, कोणाला नवे पाळणे, तर कोणाला आजी-आजोबांसाठी बसायला बाके. पण उद्यानच इथून हलवा, असे मुलांपैकी कोण म्हणणार? घडले मात्र तेच. जागा भाडेपट्ट्याची होती. फेब्रुवारी २००८ मध्ये अप्पूघर बंद झाले. २०१९ मध्ये तिथे सर्वोच्च न्यायालयाच्या नव्या इमारतींचे उद्घाटन झाले.

आता नोएडा आणि रोहिणीत नवी उद्याने आहेत, पाळणेही अधिक उंच आहेत. पण शहराच्या मध्यावरची, इंडिया गेट पाहून सहज वळता येईल अशी ती जागा पुन्हा मिळाली नाही.

तुमच्या गावातही एखादी जुनी बाग असेल. तिथले मोडके झोपाळे दुरुस्त करा म्हणून अर्ज जरूर द्या. सोबत एवढीही चौकशी करा, की बागेची जमीन कोणाची आहे आणि कधीपर्यंत?