कूपरटिनोची खतावणी

अमेरिकेला जाऊन आलेल्या माणसाने काय लिहावे, याचे संकेत आता ठरून गेले आहेत. नायगाराचा धबधबा, न्यूयॉर्कच्या उंच इमारती, सॅन फ्रान्सिस्कोचा तो तांबडा पूल आणि परमुलखात अवचित हाती लागलेला एखादा बटाटेवडा, एवढे सांगितले की वाचकही सुटतो आणि लेखकही. तो पूल मी पाहिला. धुके होते, त्यामुळे अर्धाच पाहिला. परंतु दोन वर्षांच्या मुक्कामात जी जागा मी खरोखर पाहिली असे मला वाटते, तिथे सहलीची मोटार थांबत नाही. कूपरटिनो गावातले ते एक कॉलेज आहे. तिथे मी, म्हणजे मराठीचा प्राध्यापक, वय वर्षे पंचेचाळीस, हिशेबशास्त्राचा दुसरा अभ्यासक्रम पुरा केला.

यात माझे कर्तृत्व थोडे आणि परिस्थितीचे अधिक. आमच्या सौभाग्यवती संगणकाच्या व्यवसायात आहेत. कंपनीने त्यांना कॅलिफोर्नियाला धाडले आणि मी बिनपगारी रजा काढून त्यांच्यामागून गेलो. तिथल्या कायद्याच्या भाषेत मी ‘आश्रित’. आश्रिताला पगाराची नोकरी करायला मनाई, शिकायला मात्र मुभा. दोन महिने मी घरात बसून पोळ्या लाटल्या आणि त्यांच्यावर टीकाही मीच केली. अखेर ही म्हणाली, “अहो, कॉलेज एवढ्या जवळ आहे. जन्मभर शिकवलंत, आता जरा शिकून पाहा.”

हिशेबच का निवडला, त्याला कारण होते. आमच्या घराण्याला हिशेब कळत नाही, असे आमच्याकडे मानले जाते. वडिलांचे वाईचे किराणा दुकान १९८६ साली बंद पडले, तेव्हापासूनचे हे मत. दुकान गेले तेव्हा दादा सतरा वर्षांचा होता. त्याचे कॉलेज त्या दुकानापायी सुटले आणि तो नोकरीला लागला. “बाबांना धंदा कळला नाही,” हे वाक्य तो रागाने नव्हे, हवामान सांगावे तसे सांगतो. पहिला अभ्यासक्रम मी वेळ जावा म्हणून घेतला. दुसरा घेतला तो गोडी लागली म्हणून.

आता त्या जागेविषयी. सांता क्लारा खोऱ्याला आज जग सिलिकॉनचे खोरे म्हणते. पण शेदीडशे वर्षांपूर्वी इथे द्राक्षांचे मळे होते आणि नंतर जर्दाळू व आलुबुखाराच्या बागा. १७७६ साली हुआन बाउतिस्ता दे आन्सा हा स्पॅनिश सरदार या मुलखातून गेला. त्याच्या तुकडीने इथल्या ओढ्याला कूपरटिनोच्या संत जोसेफचे नाव दिले. पुढे गावाला ते नाव मिळाले आणि १९६७ साली सुरू झालेल्या कॉलेजला त्या सरदाराचे. गंमत अशी की हा संत जोसेफ ख्रिस्ती लोकांत परीक्षार्थींचा कैवारी मानला जातो. परीक्षेला बसणाऱ्याने याहून चांगले गाव कोणते शोधावे?

कॉलेजच्या इमारती कौलारू, ओवऱ्यांच्या, पश्चिमेला सांताक्रूझचे डोंगर. आवारातच १८९२ साली कोणा द्राक्षमळेवाल्याने बांधलेला फ्रेंच धाटणीचा एक पांढरा वाडा अजून उभा आहे. तेवीस नंबरची बस दारात आणून सोडते. बसमधून उतरणाऱ्यांत पाठीवर पिशवी टाकलेली पोरे असतात, तशाच कामावरून परस्पर आलेल्या, पायांत अजून हॉटेलातल्या स्वयंपाकघराचे बूट असलेल्या बायाही असतात.

‘कम्युनिटी कॉलेज’ ही संस्था आपल्याकडच्या वाचकाला थोडी समजावून सांगायला हवी. दोन वर्षांचे, गावाच्या पैशाने गावासाठी चालणारे हे कॉलेज. असे पहिले कॉलेज इलिनॉयमधल्या जोलिएट गावात १९०१ साली निघाले. कॅलिफोर्नियाने १९६० साली उच्च शिक्षणाची आखणी केली, तेव्हा निवडक विद्यार्थी विद्यापीठांनी घ्यावेत आणि या कॉलेजांनी मात्र ज्याला शिकून फायदा होईल अशा कोणालाही दार उघडे ठेवावे, असे ठरले. आज त्या एका राज्यात अशी ११६ कॉलेजे आहेत. आमच्या कॉलेजात राज्याच्या रहिवाशाला एका युनिटची फी एकतीस डॉलर. परक्याला याच्या कितीतरी पट. तुम्ही मागे काय केलेत, कुठे नापास झालात, हे कोणी विचारत नाही. वीस वर्षे मी प्रवेशाच्या याद्या लावल्या आहेत. ‘टक्के किती?’ हा प्रश्न नसलेले कॉलेज पाहून मला प्रथम चुकल्याचुकल्यासारखेच झाले.

वर्ग मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी सहाला. माझ्या एका बाजूला एकोणीस वर्षांचा व्हिएतनामी मुलगा; त्याला इथून सॅन होजेच्या विद्यापीठात जायचे होते. दुसऱ्या बाजूला मेक्सिकोहून आलेली एक पन्नाशीची बाई. नवरा घरोघरी फरशा बसवतो, आणि वह्या हिने ठेवायच्या. पुढच्या बाकावर एक इराणी आजोबा. शिकवणारे गृहस्थ जन्मभर हिशेब तपासून निवृत्त झालेले. सारा वर्ग त्यांना पहिल्या नावाने हाक मारी. माझ्या जिभेला ते काही जमले नाही. मी शेवटपर्यंत ‘सर’च म्हणत राहिलो आणि त्यांनीही ते सोसले.

पहिल्या आठवड्यात उजळणी झाली. रोजकीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद. शब्द इंग्रजी, पण वस्तू ओळखीच्या. तेरीज जुळेना तेव्हा सर म्हणाले, फरकाला नवाने भागा. पूर्ण भाग गेला तर कुठे तरी आकड्यांची अदलाबदल झालेली असण्याचा संभव असतो. चोपन्नचे पंचेचाळीस लिहिले गेले की फरक नऊचाच पडतो. मला देवगिरीवरचे एकनाथ आठवले. एका पैची चूक शोधत ते रात्रभर जागले आणि ती सापडताच आनंदाने टाळी वाजवली, अशी कथा आहे. मी ती वर्गात सांगितली. फरशीवाल्या बाईंनी विचारले, “त्याला त्या कामाचे पैसे किती मिळत होते?” चाळीस माणसांत हा प्रश्न तिलाच सुचला, कारण रात्री अकरानंतर ती तेच काम बिनपैशाने करीत होती.

दुसऱ्या अभ्यासक्रमात मात्र नुसते जुळवणे संपते आणि ठरवणे सुरू होते. फरशा कापायचे यंत्र आठ वर्षे चालेल की पाच? त्यावर दरवर्षी किती घसारा लिहायचा? दुकानाच्या पतीला किंमत आहे की नाही? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ऐकून मला नवल वाटले. दुसऱ्याचा धंदा विकत घेताना नावलौकिकासाठी जादा मोजलेले पैसे वहीत मांडता येतात. स्वतः जन्मभर कमावलेला नावलौकिक मांडता येत नाही.

आणि मग आली बुडीत येण्यांची पाळी. तो दिवस ३१ ऑक्टोबर २०२४, गुरुवार. कॅलिफोर्नियात त्याच संध्याकाळी लक्ष्मीपूजन आणि त्याच संध्याकाळी हॅलोविन. एका दारात पणत्या, शेजारच्या दारात आतून उजळलेला भोपळा, आणि भुतांची सोंगे घेतलेली पोरे दोन्हीकडे खाऊ मागत हिंडत होती. मी पूजा आटोपून, खिशात दोन करंज्या घेऊन वर्गात जाऊन बसलो.

सर म्हणाले, उधारीवर विकणाऱ्याचे काही पैसे बुडणारच. कोण बुडवील ते ठाऊक नसते. कोणी तरी बुडवील हे ठाऊक असते. म्हणून ज्या वर्षी विक्री केली त्याच वर्षी अंदाजाने तरतूद करायची. लाखाची उधारी असेल आणि शंभरातले दोन बुडतात असा अनुभव असेल, तर दोन हजार आधीच बाजूला लिहायचे. पुढे एखादे येणे येत नाही असे नक्की झाले की त्या गिऱ्हाइकाचे खाते पुसून टाकायचे. तसे केले नाही, तर वही श्रीमंत दिसते आणि मालक उपाशी असतो. फरशीवाल्या बाईंनी हात वर केला. दोन घरमालकांनी वर्षभर पैसे दिले नव्हते. “पुसून टाकले म्हणजे मी माफ केले असे होते का?” सर म्हणाले, “नाही. त्यांचे देणे उरतेच. फक्त तुम्ही स्वतःची फसवणूक थांबवता.”

मला तुकोबा आठवले. वडिलांच्या मागे आलेल्या सावकारीच्या खतांतला अर्धा वाटा त्यांनी धाकट्या कान्होबांच्या हाती दिला आणि उरलेला अर्धा इंद्रायणीत सोडला, असे सांगतात. बुडवायचे ते आपलेच, भावाचे नव्हे. इतकी नेटकी नोंद क्वचितच कोणी केली असेल.

घरी आलो तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते. वाईला दुसऱ्या दिवसाची सकाळ. दादाकडे पूजा त्या दिवशी होती. मी त्याला माळ्यावरच्या ट्रंकेतली १९८२ सालची खतावणी काढायला सांगितली. “अरे, सणासुदीला ती बुडालेली वही कशाला उघडायला लावतोस?” म्हणाला, पण काढली, आणि पानांची छायाचित्रे फोनवर धाडली.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. लाखो कामगार त्यात उतरले आणि त्यांतले कितीतरी सातारा-कोकणातल्या गावी परतले. त्यांच्या घरच्या शिध्याची उधारी बाबांच्या वहीत होती. त्या दिवाळीला बाबांनी अकरा खात्यांखाली एकेक आडवी रेघ मारली होती आणि लिहिले होते, “गिरणी बंद. येणे नाही.” पुढचे पान कोऱ्या वर्षाचे. त्यावर पहिली ओळ, “अंदाजे बुडेल रुपये नऊशे.” आणि तिच्याखाली त्याच अकरा माणसांची नावे पुन्हा: तांदूळ, गोडेतेल, गूळ.

मी दादाला ओळ न् ओळ समजावून सांगितली. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “म्हणजे बाबांना कळत होतं.”

“कळत होतं.”

“मग माझं कॉलेज?”

याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. आईच्या पाटल्याही त्याच काळात गेल्या, आणि त्यांची नोंद त्या वहीत नाही. बाबांनी केले ते बरोबर की चूक, हे खतावणी सांगत नाही. बाबा फसले नव्हते, एवढेच ती सांगते. पण ‘धंदा कळला नाही’ हे वाक्य दादा त्यानंतर बोललेला मी ऐकले नाही. आता तो म्हणतो, “बाबांनी आम्हाला विचारायला हवं होतं.” हे निराळे वाक्य आहे, आणि मला वाटते, खरेही आहे.

डिसेंबरात परीक्षा झाली. संत जोसेफाच्या कृपेने मी बऱ्या गुणांनी उत्तीर्ण झालो. फरशीवाल्या बाईंनी ती दोन खाती पुसली आणि यापुढे निम्मे पैसे आगाऊ घेतल्याशिवाय फरशीला हात लावायचा नाही, असे नवऱ्याकडून कबूल करून घेतले. निरोप घेताना तिने तिसऱ्या अभ्यासक्रमात नाव घातल्याचे सांगितले.

येत्या पाडव्याला आपण नव्या वहीवर कुंकवाचे स्वस्तिक काढू. त्याआधी घरातली एखादी जुनी वही असेल तर ती खाली उतरवून पाहावी. वाण्याची डायरी चालेल, आईची दुधाची वहीही चालेल. कोणती येणी कोणी, कधी आणि काय लिहून सोडली, ते तिच्यात असते; आणि ज्यांनी ती सोडली त्यांना सारे दिसत होते की नव्हते, हेही.