जुन्या मोटारीचा गंज

गंज या शब्दाचें मराठींत फारसें कौतुक झालेलें नाहीं. बुद्धीला गंज चढतो, कुलपाला गंज चढतो, क्वचित् एखाद्या संस्थेच्या घटनेलाही चढतो. परंतु तो चढतो कसा, आणि उतरवावयाचा झाल्यास सुरुवात कोणत्या टोकाकडून करावयाची, याचा विचार आपल्याकडे कारागिरांवांचून फारसा कोणीं केलेला दिसत नाहीं. इंग्रजींत लोखंडावरचा गंज आणि गव्हावरचा तांबेरा यांना एकच शब्द आहे. आपण दोहोंना निराळीं नांवें दिलीं, आणि त्याबरोबर निराळी योग्यताही दिली: तांबेरा हा रोग ठरला, गंज हा केवळ मळ. जुन्या मोटारीच्या बाबतींत हा भेद फार महागांत पडतो. मळ पुसून टाकतां येतो. रोगाचा ठाव घ्यावा लागतो.

माझ्याकडे १९७३ सालची एक फियाट आहे. खरें पाहतां तिला फियाट म्हणणें बरोबर नाहीं. त्या इटालियन कंपनीची '११०० डिलाइट' ही मोटार प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत १९६४ पासून तयार होऊं लागली. १९७२ मध्यें तिचें नांव 'प्रीमियर प्रेसिडेंट' झालें, आणि १९७४ मध्यें 'प्रीमियर पद्मिनी'. माझी गाडी या मधल्या, अल्पायुषी नांवाची. मुंबईनें यांतलें एकही नांव मनावर घेतलें नाहीं व शेवटपर्यंत तिला फियाटच म्हटलें, म्हणून मीही म्हणतों. वडिलांनीं नांव नोंदवून कित्येक वर्षें वाट पाहिल्यावर ती घरीं आली, आणि तेव्हांपासून दादरला, समुद्राच्या वाऱ्यांत उभी आहे.

या मोटारीला मालगाडीसारखा निराळा सांगाडा नाहीं. पत्रे दुमडून त्यांच्या पोकळ पेट्या केलेल्या आणि त्या एकमेकींना सांधलेल्या. कातडें तेंच, हाडही तेंच. दाराखालचा जो उंबरा आपण सहज ओलांडून आंत बसतों, तो शोभेची पट्टी नसून गाडीची मुख्य तुळई आहे, आणि ती आंतून पोकळ आहे. पावसाचें पाणी कांचेच्या रबराजवळून दारांत उतरतें, चाकांनीं उडविलेला चिखल खालून शिरतो. पाणी निघून जावें म्हणून तळाशीं बारीक छिद्रें ठेवलेलीं असतात. धूळ आणि कुजलेलीं पानें तीं बुजवून टाकतात. मग आषाढांत शिरलेली ओल कार्तिकापर्यंत जागची हालत नाहीं.

या ओलीचें वर्तन मोठें चमत्कारिक आहे. केंब्रिजच्या यूलिक इव्हान्स या शास्त्रज्ञानें १९२०च्या दशकांत एक अगदीं साधा प्रयोग केला. घासून लख्ख केलेल्या लोखंडावर त्यानें मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवला. थेंबाच्या कडेला हवेंतील प्राणवायु सहज पोहोंचतो, मध्यभागीं तो तोकडा पडतो. लोखंड कडेलाच खाल्लें जाईल असें कोणालाही वाटेल. घडतें उलट. मध्यभागींचें लोखंड विरघळतें, आणि तांबूस गंज त्यापासून कांहीं अंतरावर कडें करून बसतो. थेंबाच्या पोटांत विजेचा एक इवलासा घट तयार होतो, ज्या भागाला प्राणवायु कमी मिळतो तो भाग झिजतो, आणि मिठामुळें पाण्यांतून वीज सुलभ वाहूं लागून हा व्यवहार वेगानें चालतो. म्हणजे जेथें गंज दिसतो तेथें घाव असेलच असें नाहीं, आणि जेथें वारा लागत नाहीं, अशा सांध्यांत, वॉशरखालीं, दुमडीच्या आंत, खड्डा सर्वांत खोल. शिवाय गंज मूळच्या लोखंडापेक्षां कितीतरी अधिक जागा व्यापतो. दोन पत्र्यांच्या सांध्यांत तो वाढूं लागला म्हणजे पाचरीसारखा त्यांना अलग करतो. दारावरच्या रंगाला आलेला हरभऱ्याएवढा फोड हा त्या सर्व प्रकरणाचा शेवट असतो. तो आरंभ आहे असें समजून आपण त्याच्यावर रंग लावतों.

रंग लावणाऱ्यांची वाण नाहीं. एका चकचकीत कारखान्यांत गाडी दाखविली तेव्हां दहा दिवसांत ती 'नवी' करून देण्याचें आश्वासन मिळालें. नवी करणें म्हणजे फोड घासावयाचे, खड्ड्यांत लांबी भरावयाची, आणि वरून आरशासारखा रंग द्यावयाचा. लांबी ही वस्तु वाईट नाहीं. निकोप पत्र्यावर रेषभर जाडीनें ती आपलें काम चोख करते. पण तिच्यांत ओल शोषण्याचा गुण आहे, आणि छिद्र पडलेल्या पत्र्यावर ती भरणें म्हणजे जखमेवर ओला बोळा दाबून वरून रेशमी अंगरखा चढविणें होय. दोन पावसाळ्यांत फोड पुन्हां हजर.

म्हणून मी कुर्ल्यांतच एका गल्लींतील मिस्त्रीकडे गेलों. माणूस साठीच्या पुढचा, लहानपणीं सांगलीकडून आलेला. त्यानें गाडीच्या रंगाकडे पाहिलेंही नाहीं. हातोडीच्या दांड्यानें तो उंबऱ्यावर टिचक्या मारीत गेला. पुढें आवाज टणक होता. दाराच्या मध्यावर आल्यावर ओल्या पुठ्ठ्यासारखा झाला. "साहेब, रंगाचं मागाहून बघूं," तो म्हणाला. "आधीं गाडी किती उरलीय तें बघूं द्या."

चालकाच्या पायाखालचा गालिचा काढला तेव्हां डांबर फांसलेला एक चौकोनी जोड निघाला. डांबर खरवडल्यावर पिवळा रंग दिसला, आणि त्यावर हिरवें ताडाचें झाड. डालड्याचा डबा कापून वडिलांनीं तो बसविला होता. सारख्या अंतरावर बारा रिव्हेटी, कोपरे गोल केलेले, कडा आंत दुमडलेल्या. वडील हिशेबाच्या कामांत आयुष्य घालविलेले गृहस्थ. हें काम त्यांनीं कोठें व कधीं शिकून घेतलें कोण जाणे. मिस्त्रीनें त्यावरून अंगठा फिरविला. "हात चांगला होता हो. पण डांबराखालीं पाणी अडलं." जोड उचलला तों खालचा पत्रा त्याच्या हातांत भुग्यासारखा आला, उंबऱ्याची आंतली भिंतही वीतभर नाहींशी झालेली होती. हा जोड तसाच ठेवून भोंवतालचें काम करतां येईल काय, असें मीं विचारलें. "ठेवा कीं," तो म्हणाला, "घरांत."

पुढचे चार महिने मी सवड मिळेल तेव्हां त्याच्या पिंपावर बसून होतों. उंबरा कापण्यापूर्वीं त्यानें दाराच्या चौकटींत लोखंडी अँगल आडवे जोडून घेतले, दारें मात्र बिजागऱ्यांवर तशींच ठेवलीं, आणि एक बाजू पुरी झाल्यावांचून दुसरीला हात लावला नाहीं. तुळई कापल्यावर गाडी मध्यभागीं दोन-चार मिलिमीटर जरी बसली, तरी तीं दारें पुन्हां कधीं नीट लागत नाहींत. सडका भाग संपला तेथें तो थांबत नसे. आणखी दोन बोटें पुढें, पांढरा, चमकता पत्रा लागेपर्यंत कापी. नवा पत्रा एक मिलिमीटरहून पातळ. सलग जोड दिला तर उष्णतेनें तो पापडासारखा वळतो, म्हणून एक ठिपका येथें, दुसरा वीतभर दूर, आणि मध्यें थांबणें. या थांबण्यांत तो चहा पीत असे.

पूर्वीं इतकें घडवावें लागत नसे. टॅक्सी भंगारांत निघे, तिचें बरें अंग कापून दुसरीला लावीत. मुंबईंतील शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ मध्यें नोंदली गेली, आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यानें ऑक्टोबर २०२३ मध्यें ती रस्त्यावरून गेली. आतां भंगारांतही सडकेंच मिळतें. मिस्त्री लांकडी मोगरीनें, वाळूच्या पिशवीवर, पत्र्याला गोलाई देतो. त्याच्याकडे शिकणारा कोणी मुलगा मला दिसला नाहीं.

याच सुमारास एका स्नेह्यांनीं २०२१ च्या केंद्रीय नियमांकडे माझें लक्ष वेधलें. पन्नास वर्षांपलीकडच्या गाडीला आतां विंटेज म्हणून निराळी नोंद मिळते. परंतु ती मूळ स्वरूपांत असली पाहिजे, तिच्या कवचांत मोठा फेरबदल झालेला नसावा, आणि अशी गाडी प्रदर्शन, शर्यतीवजा मिरवणूक वगैरे प्रसंगांवांचून रस्त्यावर नित्य चालवितां येत नाहीं. कापाकापीमुळें मी ही संधि घालवीत आहें, असें त्यांचें म्हणणें. नियम करणाऱ्यांचा हेतु चांगला आहे. जुन्याच्या नांवाखालीं नवी वस्तु खपूं नये. पण पत्र्याचें मूळ स्वरूप गंजानें केव्हांच पालटलेलें असतें, आणि त्या फेरबदलाला कोणाची परवानगी लागत नाहीं. मीं विंटेजचा नाद सोडला. दर पांच वर्षांनीं साधी नोंदणीच वाढवून घेईन. मला गाडी चालवावयाची आहे.

शेवटचें काम पुन्हां गंज न चढूं देण्याचें. कोपऱ्यांत जो थोडा गंज हत्याराच्या आवांक्याबाहेर राहिला, त्यावर मिस्त्रीनें फॉस्फरिक ॲसिडचें पाणी फिरविलें. त्यानें गंजाचें काळसर, चिकटून बसणारें फॉस्फेट होतें. दिल्लीचा लोहस्तंभ सोळाशें वर्षें उघड्यावर टिकला, त्याचें कारण त्याच्या लोखंडांतील जादा फॉस्फरस व त्यामुळें बनलेला संरक्षक थर हें होय, असें कानपूरच्या आय. आय. टी.तील प्रा. आर. बालसुब्रमण्यम् यांनीं दाखविलें आहे. हें मीं मिस्त्रीला सांगितलें. त्यानें ऐकून घेतलें आणि बाटलीचें बूच लावावयास सांगितलें. त्यानंतर उघड्या पत्र्याला जस्ताचा हात दिला. जस्त आपण झिजून लोखंडाला राखतें, मात्र मध्यें मळ वा जुना रंग असतां कामा नये. सांधे बुजविले. पोकळ पेट्यांत, पाण्याच्या वाटा मोकळ्या करून, लांब नळीनें पातळ मेण फवारलें. डांबर कोठेंही नाहीं: तें सुकून तडकतें, आणि तडेखालीं शिरलेलें पाणी झांकून धरतें. मेण मऊ राहतें व ओरखडा पडला तर सरकून तो भरून काढतें.

रंग अखेरीस तोच दिला, फिकट राखाडी; त्यांत विशेष सांगण्यासारखें नाहीं. चैत्रांत दुपारीं गाडी उन्हांत राहिली कीं उंबऱ्याच्या छिद्रांतून मेणाचे तपकिरी थेंब फरशीवर पडतात. इमारतीच्या चिटणीसांनीं त्याबद्दल मला एक सभ्य पत्र लिहिलें आहे. मी खालीं वर्तमानपत्र पसरून ठेवतों, आणि थेंब दोन्ही बाजूंना पडले आहेत ना, तें रोज सकाळीं पाहतों.