आपली भाकर, त्यांचे बाकडे

गेल्या दिवाळीला माझा भाचा मेलबर्नहून घरी आला होता. फराळाच्या ताटाभोवती आम्ही सारे बसलो होतो आणि तो तिकडच्या गमती सांगत होता. बोलता बोलता म्हणाला, "मामा, तिकडे हॉटेलात जेवायला जाताना माणसे आपली वाइनची बाटली काखोटीला मारून नेतात. मालक रागावत नाही. उलट पेले आणून देतो आणि बूच काढून दिल्याचे तेवढे पैसे लावतो."

माझी आई कोपऱ्यात पान लावीत बसली होती. तिने मान वर न करताच विचारले, "म्हंजे शिदोरीच म्हना ना!"

सारे खळखळून हसले. मी मात्र हसता हसता थांबलो. म्हातारीने नेमके वर्मावर बोट ठेवले होते.

मग मी भाच्याला खोदून खोदून विचारू लागलो. त्याच्या सांगण्यावरून कळले ते असे. मद्य विकण्याचा परवाना नसलेली पुष्कळ उपाहारगृहे त्या व्हिक्टोरिया प्रांतात होती. गिऱ्हाईक आपली बाटली आपणच आणू लागले आणि त्यातून ही रीत पडली. पण रीत म्हटली की तिच्यामागून शिष्टाचार आलाच. जाण्यापूर्वी फोन करून विचारावे. जी वाइन त्या हॉटेलात मिळते तीच बाहेरून नेऊ नये. बाटली उघडली की वाढणाऱ्याला किंवा मालकाला एक घोट देऊ करावा. बुचाचे पैसे देताना कुरकुर करू नये, आणि बाटली आपली आहे म्हणून जेवणात काटकसर तर मुळीच करू नये.

आपल्याकडे हे जमायचे नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे महाराष्ट्रात पिणाऱ्याला परवाना लागतो आणि पाजणाऱ्यालाही. साध्या हॉटेलच्या टेबलावर कोणी घरची बाटली उघडली, तर पाहुण्याबरोबर मालकही अडचणीत यायचा. शिवाय नागपूरहून यवतमाळकडे येणारा आमचा रस्ता वर्धा जिल्ह्यातून येतो, आणि सेवाग्रामच्या त्या जिल्ह्यात दारूबंदी आहे. त्यामुळे भाच्याने मामासाठी चॉकलेटेच आणली होती!

पण बाटलीच्या जागी भाकर ठेवा, म्हणजे हे सारे शास्त्र मला माझ्या बाबांनी फार पूर्वीच शिकवले होते असे दिसेल.

त्या काळी महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी योजना होती. ती १९७२ साली सुरू झाली आणि माझे सारे बालपण तिच्या काट्यापाशी गेले. दिवाळी उलटली की कापसाच्या गाड्या खरेदी केंद्राकडे निघत. हंगामात गाड्यांची रांग लागे; एखादी रात्र गाडीखालीच काढावी लागे. मी आठनऊ वर्षांचा असेन. बाबा मला सोबत नेत, आणि आई फडक्यात ज्वारीच्या भाकरी, चून आणि मिरचीचा ठेचा बांधून देई.

सकाळी बाबा मला घेऊन रस्त्याकडेच्या हॉटेलात जात. हॉटेल म्हणजे टिनाचे छप्पर, चार बाकडी आणि भट्टीवर उकळणारी तर्री. पण बाबा एकदम जाऊन कधी बसले नाहीत. आधी गल्ल्यापाशी उभे राहत आणि विचारीत, "भाऊ, भाकर घरची हाये. इथं बसून खाल्ली तं चालन का?"

"बसा ना बाप्पा," मालक म्हणे.

हे उत्तर येईपर्यंत फडक्याची गाठ सुटत नसे. मग बाबा दाराजवळचे कडेचे बाकडे निवडीत. मधली जागा पैसे देऊन जेवणाऱ्यांची. माझ्यासाठी दोन आलूबोंडे आणि भाकरीशी खायला एक प्लेट तर्री घेत. भाकर सोडली की पहिली अर्धी भाकर, तिच्यावर ठेच्याचा गोळा, अशी गल्ल्यावर नेऊन देत. खाऊन झाल्यावर सांडलेला कण न् कण वेचीत आणि खांद्यावरच्या दुपट्ट्याने बाकडे पुसून काढीत.

मी एकदा विचारले, "बाबा, रोज काहून इचारता? तो तं रोजच हो म्हनते."

बाबा म्हणाले, "बाकडं त्याचं हाये. नाही म्हनाचा हक बी त्याचाच हाये."

हे वाक्य मी ऐकले, पण त्याचा अर्थ कळायला मला पुढे बरीच वर्षे लागली.

मी शिक्षणसेवक म्हणून लागलो तेव्हा महिन्याला ३,००० रुपये मानधन होते. पहिले पैसे हाती आले तसे बाबांना यवतमाळला बोलावले आणि एका बऱ्यापैकी हॉटेलात जेवायला नेले. पंखे होते, काचेचे टेबल होते, आणि भिंतीवर ठळक अक्षरांत पाटी होती: 'बाहेरील खाद्यपदार्थ आणू नयेत.' बाबांनी खुर्चीत बसण्यापूर्वी पिशवीत हात घातला. आईने पहाटे उठून माझ्यासाठी भाकरी करून दिल्या होत्या.

मी घाईघाईने म्हणालो, "बाबा, बाहेर काढू नका. इथं नाही चालत."

"इचारून पाहू का?" ते गल्ल्याकडे वळले देखील.

"नको ना, बाबा!" मी म्हणालो आणि शेजारच्या टेबलाकडे पाहिले.

बाबांनी पिशवीचे तोंड मिटले. मी मागवले ते जेवले, भाजी चांगली आहे असेही म्हणाले. मग एस.टी. स्टँडवर गाडीची वाट पाहत बसलो असता त्यांनी फडके सोडले आणि अर्धी भाकर माझ्यापुढे धरली. माझे पोट भरले आहे, असे मी सांगितले. त्यांनी ती भाकर पुन्हा फडक्यात ठेवली आणि नीट गाठ मारली.

२०११ साली बाबा गेले. त्या दिवशी मी त्यांना अपमानातून वाचवले, अशी माझी पुष्कळ वर्षे समजूत होती. पण अपमान केला होता कोणी? मालकाने तर तोंडही उघडले नव्हते. 'नाही' म्हणण्याचा हक्क त्याचा होता. तो मीच परस्पर वापरून टाकला, आणि तोही माझ्या बापावर.

पाटी लावणारा मालक चुकतो असे मी म्हणणार नाही. चित्रपटगृहांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये हेच सांगितले: बाहेरचे खाणे आत येऊ न देण्याचा हक्क मालकाला आहे; मात्र पिण्याचे पाणी फुकट द्यावे आणि तान्ह्या मुलासाठी आईबापांनी आणलेले अडवू नये. ठीकच आहे. पण पाटी असली म्हणून विचारायला बंदी थोडीच असते? विचारणाऱ्याने 'नाही' ऐकायची तयारी ठेवावी, म्हणजे झाले.

भाऊबीज झाल्यावर आम्ही भाच्याला घेऊन कळंबच्या चिंतामणीच्या दर्शनाला गेलो. आई बरोबर होती. परतताना वाटेत एका धाब्यावर थांबलो. आईला आता तंदूरची रोटी चावत नाही. तिची मऊ भाकर डब्यात होती. भिंतीवर तीच ती पाटी! भाचा म्हणाला, "राहू द्या मामा, गाडीत खाऊ."

मी गल्ल्यापाशी गेलो. वीस वर्षांच्या मास्तरकीत वर्गापुढे कधी अडखळलो नाही, पण तेथे घसा कोरडा पडला. म्हणालो, "भाऊ, म्हातारी हाये. भाकर घरची हाये. इथं बसून खाल्ली तं चालन का?"

त्याने आईकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "नाही जमत, गुरुजी. एकाला हो म्हटलं की सारेच डबे काढतेत."

"बरं," मी म्हणालो. चार चहा सांगितले, प्यालो, पैसे दिले. आणि मग आम्ही बाहेर कडुलिंबाखाली दुपट्टा अंथरून बसलो. थोड्या वेळाने धाब्यावरचे पोर पाण्याचा जग आणि कांदा-मिरचीची बशी ठेवून गेले. बशीचे पैसे विचारले, तर पळूनच गेले.

"काय म्हने तो?" आईने विचारले.

"नाही म्हने."

"इचारलं ना? मंग झालं!" असे म्हणून तिने भाकर मोडली आणि अर्धी माझ्यापुढे धरली. देवळाजवळच्या कचोरीने माझे पोट खरोखरच भरले होते. मी भाकर घेतली.