वाटेवरचे योगायोग : चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानवाटांवर

सकाळी एखाद्या जुन्या स्नेह्याची आठवण व्हावी आणि दुपारी त्याचाच फोन यावा. कपाटातले पुस्तक सहज उघडावे आणि त्यात कितीतरी वर्षांपूर्वीचे आईच्या हातचे पत्र निघावे. अशा गोष्टींना आपण योगायोग म्हणतो, क्षणभर सुखावतो आणि पुढच्या कामाला लागतो. उतारवयात असे क्षण विरळ होत गेल्याची खंत पुष्कळांना वाटते. तोच पलंग, तीच खिडकी, त्याच वेळेच्या त्याच गोळ्या. घरातल्या वृद्धाची शुश्रूषा करणाऱ्याचे दिवसही असेच एकासारखे एक जातात. वास्तविक लहानसहान नवल घडायचे थांबलेले नसते. थकलेले मन ते टिपेनासे झालेले असते.

वाचकहो, हे टिपणे म्हणजे नेमके काय, ते समजून घेण्यासाठी आज आपण महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला जाऊ. चंद्रपूर आणि गडचिरोली हे १९८२ पर्यंत एकाच जिल्ह्याचे दोन भाग होते. सागवान, बांबू आणि मोह यांच्या या मुलखात अकस्मात दिसलेल्या गोष्टींतून मोठी कामे उभी राहिली आहेत. ज्यांना प्रवास शक्य आहे त्यांनी प्रत्यक्ष जावे. ज्यांना नाही त्यांनी हा लेख हाताशी घेऊन मनाने यावे.

वरोरा : मागे वळलेली पावले

नागपूरहून चंद्रपूरच्या रस्त्याला लागलात की सुमारे शंभर किलोमीटरवर वरोरा लागते. येथे मुरलीधर देवीदास आमटे नावाचे वकील नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते. सफाई कामगारांचे कष्ट काय असतात ते कळावे म्हणून ते स्वतः मैला वाहत. त्या दिवसांत, भर पावसात, त्यांना रस्त्याकडेला एक मानवी देह पडलेला दिसला. कुष्ठरोगाने हातापायांची बोटे झडलेला, अखेरच्या घटका मोजणारा तो माणूस म्हणजे तुळशीराम. आमटे भयभीत होऊन तेथून निघून गेले. परंतु त्या भयानेच त्यांना स्वस्थ बसू दिले नाही. ते परत आले, तुळशीरामवर आडोसा उभारला, त्याला भरवले, त्याच्यापाशी राहिले.

१९४९ मध्ये महारोगी सेवा समितीची स्थापना झाली आणि पुढे वरोऱ्याच्या माळरानावर आनंदवन वसले. चौदा रुपये, एक लंगडी गाय आणि मोजके रुग्ण एवढ्या भांडवलावर सुरू झालेले हे काम आज आपण पाहू शकतो. त्या पावसाळी दिवशी त्या रस्त्याने इतरही माणसे गेली असतील. दिसणे सर्वांच्या वाट्याला आले. परत जाऊन पाहणे एकाच्या.

चंद्रपूर : राणीने काय पाहिले?

वरोरा आणि भद्रावती मागे टाकून आपण चंद्रपुरात येतो. शहराला गोंड राजांचा परकोट आहे. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा असे त्याला चार दरवाजे. अंचलेश्वर दरवाजालगत, झरपट नदीच्या काठी, अंचलेश्वराचे मंदिर आणि गोंड राजांच्या समाध्या आहेत. येथे थोडा वेळ बसा. कारण या शहराच्या जन्माची कथा येथूनच सुरू होते. जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्येही ती नोंदलेली आहे.

आख्यायिका अशी : राजा खांडक्या बल्लाळशहा याच्या अंगावर गळवे होती. उपचार थकले होते. राणीच्या सल्ल्याने त्याने शिरपूर सोडून नदीपलीकडे बल्लारपूर वसवले. एकदा शिकारीत तहान लागली म्हणून तो झरपटीच्या कोरड्या पात्राशी आला. तेथे एका खळग्यात थोडे पाणी होते. तो पाणी प्याला, हात-पाय-तोंड धुतले आणि घरी परतला. त्या रात्री त्याला कितीतरी वर्षांनी गाढ झोप लागली. सकाळी राणीच्या ध्यानात आले की जेथे पाणी लागले तेवढ्या भागावरची गळवे ओसरली आहेत. तिने विचारले, ‘काल आपण कोठे गेला होतात?’ राजाला त्या पाण्याचे विशेष काही वाटले नव्हते. राणीने ती जागा दाखवायला लावली. गवत-वाळू बाजूला केल्यावर खडकात गाईच्या पावलांसारखे पाच खळगे दिसले, पाण्याने भरलेले. तेथे स्नान करून राजा बरा झाला आणि त्या जागी देऊळ उभे राहिले.

कथेचा दुसरा भागही ऐकण्यासारखा आहे. याच परिसरात राजाने एका सशाला आपल्या शिकारी कुत्र्याचा पाठलाग करताना पाहिले. हे नवल त्याने राणीला सांगितले आणि तिच्या सल्ल्याने त्या पाठलागाच्या मार्गावरून नव्या नगराचा कोट आखला गेला. विजयनगर आणि अहमदाबाद यांच्या स्थापनेविषयीही अशीच सशाची गोष्ट सांगतात. म्हणजे विपरीत काही दिसले की त्यात संकेत शोधावा, ही ओढ मानवी मनात सर्वत्र आणि फार पूर्वीपासून आहे.

आता ही कथा शुश्रूषा करणाऱ्याच्या नजरेने पाहा. राजाला केवळ तहान भागल्याचे आठवत होते. काल रात्री झोप लागली, आज सूज कमी आहे, हे राणीला दिसले, कारण ती रोज पाहत होती. कालचे रूप मनात असल्याखेरीज आजचा फरक दिसत नाही. घरोघरी आजारी माणसाच्या उशाशी बसणाऱ्या व्यक्तीजवळ हेच ज्ञान असते आणि डॉक्टरांच्या दहा मिनिटांच्या भेटीत ते त्यांना मिळणे कठीण असते. नदीच्या पाण्याने त्वचारोग बरा होतो, असा अर्थ मात्र कोणी घेऊ नये. आख्यायिकेतून घ्यायचा तो राणीचा प्रश्न : ‘काल वेगळे काय घडले?’

मूलचा रस्ता : रानाची साक्ष

चंद्रपूरहून मूलमार्गे गडचिरोलीला जाताना जंगल दोन्ही बाजूंनी जवळ येते. फेब्रुवारीच्या अखेरीस गेलात तर निष्पर्ण फांद्यांवर पळस पेटलेला दिसेल. मार्च-एप्रिलच्या पहाटे मोहाची फुले झाडाखाली पडलेली दिसतील. त्या गोडसर, दाट वासाने वृद्ध माणसाला अचानक साठ वर्षांपूर्वीचे अंगण आठवले, तर घाई करू नका. गंधाचा आणि जुन्या स्मृतींचा मेंदूत निकटचा संबंध असतो. ती आठवण पुरती ऐकून घ्या.

शेजारच्या ताडोबाच्या जंगलात फिरवणारे वाटाडे एक शहाणपण शिकवून जातात. चितळ एकदा ओरडले म्हणून ते वाघ आला असे मानत नाहीत; चितळ कशानेही दचकते. झाडावरून वानराने खाकरून इशारा दिला, सांबर ओरडले, म्हणजे दोन-तीन साक्षी जुळल्या की ते गाडी वळवतात. योगायोगाच्या बाबतीत आपणही एवढी शिस्त पाळावी. पहिली खूण ऐकावी, दुसरीची वाट पाहावी.

गडचिरोली : श्वास मोजणारे मणी

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. धानोऱ्याच्या रस्त्यावर त्यांचे शोधग्राम आहे. बालमृत्यूंचे एक मोठे कारण न्यूमोनिया होते आणि तो ओळखण्याची सोपी खूण म्हणजे जलद श्वास. परंतु खेड्यातल्या अल्पशिक्षित आरोग्यसेविकेने पन्नास-साठपर्यंतचे श्वास अचूक मोजावेत कसे? त्यावर मण्यांचे एक साधे उपकरण तयार झाले. एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ उलटे करायचे आणि बाळाचे दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्यापर्यंत पोहोचलो, तर श्वास जलद आहे. दोन महिन्यांखालील बाळासाठी मिनिटाला साठ, त्यापुढे वर्षापर्यंत पन्नास, ही धोक्याची रेषा.

पुढे ३९ गावांमध्ये प्रशिक्षित स्त्रियांनी घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. प्रतिजैविके, ऊब, स्तनपान या सर्वांचा त्यात वाटा होता. पण आरंभ होता तो बाळाच्या छातीकडे पूर्ण एक मिनिट लक्ष देऊन पाहण्याचा.

हे मिनिट आपल्या घरातही उपयोगी आहे. विश्रांती घेत असलेल्या प्रौढ व्यक्तीचा श्वास मिनिटाला साधारण १२ ते २० असतो. आजी-आजोबा बरे असताना तो एकदा मोजून लिहून ठेवावा. वृद्धांना न्यूमोनिया झाला तर ताप येतोच असे नाही. कधी केवळ भूक मंदावते, माणूस गुंगीत राहतो, बोलण्यात गोंधळ होतो आणि श्वास वाढतो. ‘आज आजी जरा वेगळ्याच दिसताहेत’ ही शंका येणे हीच पहिली खूण. मग श्वास मोजावा आणि डॉक्टरांना विनाविलंब कळवावे.

मार्कंडा आणि हेमलकसा

चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठी मार्कंडादेव येथे शिल्पांनी भरलेली प्राचीन मंदिरे आहेत. दक्षिणेकडे वाहणारी वैनगंगा येथे वळण घेऊन उत्तरवाहिनी होते. अल्पायुषी ठरलेला आणि चिरंजीव झालेला मार्कंडेय ऋषी ज्या स्थळाशी जोडला गेला, तेथेच नदीनेही प्रवाह वळवावा, हा योग भाविकांना अर्थपूर्ण वाटतो. महाशिवरात्रीला येथे मोठी यात्रा भरते. गर्दी नसताना यावे आणि पाणी कोणत्या दिशेने जाते एवढेच पाहत बसावे.

असे विस्मयाने पाहणे प्रकृतीलाही मानवते. अमेरिकेत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात साठीपुढील ५२ जण सहभागी होते. त्यांनी आठ आठवडे, आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटे चालायचे होते. त्यांपैकी एका गटाला वाटेत काहीतरी नवल शोधण्यास सांगितले होते. त्या गटाच्या मनात कृतज्ञता व करुणा यांसारख्या भावना अधिक वाढल्या आणि रोजची मानसिक तगमग अधिक उणावली.

आलापल्लीचे सागवान ओलांडून पुढे भामरागड तालुक्यात हेमलकसा आहे. २३ डिसेंबर १९७३ रोजी येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी माडिया बांधवांसाठी येथे आयुष्य वेचले. एकदा शिकारीहून परतणारी काही माणसे डॉ. प्रकाश यांना वाटेत दिसली. मारलेल्या माकडिणीला तिचे जिवंत पिल्लू बिलगून होते. त्यांनी ते मागून घेतले. पोट भरण्यासाठी शिकार करणाऱ्यांना दोष न देता त्यांनी पिल्लांसाठी पर्याय दिला आणि त्यातून वन्यप्राण्यांचे अनाथालय उभे राहिले. तुळशीरामच्या भेटीने पित्याचे आयुष्य वळले, पिल्लाच्या भेटीने पुत्राच्या घराचे दार रुंदावले.

घरच्या घरी

एवढा प्रवास घडला नाही तरी खिडकीशी हे साधते. रोज एकाच वेळी पाच मिनिटे बाहेर पाहावे आणि कालच्यापेक्षा वेगळे असे एक काही शोधावे : नवी पालवी, न पाहिलेला पक्षी, सावलीची सरकलेली जागा. संध्याकाळी ते वहीत एका ओळीत लिहावे. दृष्टी अधू असेल तर आवाज किंवा वास निवडावा. सेवा करणाऱ्याने ‘औषध घेतले का?’ या प्रश्नासोबत ‘आज नवे काय दिसले?’ हाही प्रश्न विचारावा. त्याच वहीत झोप, भूक आणि श्वासही एकेका शब्दात नोंदले, तर पुढच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांना मोलाची मदत होईल.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. शुभसंकेत मिळाला म्हणून औषध बंद करू नये आणि अपशकुन झाला म्हणून तपासणी लांबवू नये. तसेच, एखाद्या वृद्ध व्यक्तीला अचानक प्रत्येक गोष्टीत स्वतःविषयीचे गुप्त इशारे दिसू लागले, भास होऊ लागले किंवा एक-दोन दिवसांत भ्रम जाणवू लागला, तर त्याला वयाचा परिणाम म्हणून सोडून देऊ नये. जंतुसंसर्ग, शरीरातील पाण्याची कमतरता किंवा एखादे औषध यांमुळे असे होऊ शकते. त्वरित वैद्यकीय सल्ला घ्यावा.

निघण्यापूर्वी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ ज्येष्ठांना सुखकर. उन्हाळ्यात चंद्रपूरचे तापमान ४५ अंशांपुढे जाते. तेव्हा हा प्रवास टाळावा. गडचिरोलीत हिवतापाचा उपद्रव असल्याने मच्छरदाणी आणि पूर्ण बाह्यांचे कपडे न्यावेत. निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. औषधे दोन-चार दिवसांची जास्त ठेवावीत आणि त्यांची यादी सोबतच्या व्यक्तीजवळ असावी. आनंदवन, शोधग्राम आणि हेमलकसा या कामाच्या जागा आहेत. आधी परवानगी घेऊनच जावे. दिवसाला एकच ठिकाण ठेवावे, म्हणजे थांबून पाहायला वेळ उरतो.